जंगलावर पडणारं नत्र म्हणजे फुकटचा युरिया का?

प्रश्न काय आलाय ते आधी थोडक्यात सांगतो. विचारणारे दादा सांगलीकडचे, ऊसवाले. मुलगा फॉरेस्ट्री शिकतोय आणि त्याला सेमिनारला विषय मिळालाय दक्षिण चीनमधल्या सबट्रॉपिकल, म्हणजे उष्ण पट्ट्याच्या काठावरच्या, जंगलांवर हवेतून पडणाऱ्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा. दादा म्हणतात, आम्ही युरियासाठी रांगेत उभे राहतो आणि तिकडे जंगलावर हेक्टरी तीस-पस्तीस किलो नत्र आपोआप पडतंय, म्हणजे झाडांची चंगळच की. वर पोराने एक टेबल दाखवलं, दहा वर्षं मुद्दाम जादा नत्र टाकून पाहिलं तरी पानातले आकडे जवळपास होते तिथेच, म्हणजे फायदा नाही तर नाही पण तोटाही नाही, मग एवढा गाजावाजा कशाला?

दादा, प्रश्न एकदम रास्त आहे. मी बावीस वर्षं पान, माती आणि पाणी तपासण्यात घालवली, पहिली आठ-नऊ वर्षं नाशिककडे द्राक्षाचे देठ आणि त्यानंतर जंगलातले प्लॉट, आणि खरं सांगतो, सुरुवातीला मलाही असंच वाटायचं. पानाचा रिपोर्ट चांगला आला की झाड चांगलं, संपला विषय. हा समज मोडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आधी हिशोब करू. हेक्टरी ३४ किलो नत्र धरा, तेवढं नत्र ७४ किलो युरियात असतं, म्हणजे ४५ किलोच्या दीड गोणीपेक्षा थोडं जास्त, एकरी ३० किलो युरिया. तुमच्या आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, त्यापुढे हे किरकोळच. पण ऊस तुम्ही तोडता आणि ट्रॉली भरून कारखान्याला घालता, त्याबरोबर शेतातलं नत्र जातं, ते परत भरावं लागतं. जंगलातून कोण ट्रॉली भरून नेतंय? पान पडलं, तिथेच कुजलं, तेच नत्र परत मुळांनी उचललं, परत पानात गेलं. जुन्या जंगलाचा संसार असा घरातल्या घरात चालतो. त्यात दरवर्षी बाहेरून एकरी ३० किलो युरिया येऊन पडायला लागला आणि हे वीस-तीस वर्षं चाललं, तर साठा वाढत वाढत एक दिवस भांडं काठोकाठ भरतं. त्यापुढे येणाऱ्या नत्राला झाडही घेत नाही, मातीतले जीवाणूही पुरे म्हणतात. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन एबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नायट्रोजन सॅच्युरेशन म्हटलं, पण ते थंड प्रदेशातल्या जंगलांबद्दल बोलत होते. तिकडे हिमयुगात बर्फाने माती खरवडून नेलेली, त्यामुळे माती नवी, खडकातली खनिजं अजून ताजी आणि नत्राचीच टंचाई. तिथे वरून नत्र पडलं की आधी झाडं खरोखर जोमात येतात. सबट्रॉपिकल पट्ट्यात गोष्ट उलटी आहे आणि इथेच बहुतेकांची गफलत होते.

मुलाचं टेबल बहुतेक डिंगहुशानचं असणार, कारण या विषयात फिरून फिरून तिथेच यावं लागतं. ग्वांगदोंग प्रांत, ग्वांगझो शहरापासून साधारण ८०-९० किलोमीटरवर, १९५६ साली राखीव केलेलं चीनमधलं पहिलं निसर्ग राखीव क्षेत्र. कर्कवृत्ताला अगदी चिकटून आहे, त्यामुळे एका पेपरात ट्रॉपिकल तर दुसऱ्यात सबट्रॉपिकल लिहिलेलं सापडेल, पोराला सांगा त्यात गोंधळून जाऊ नको, जंगल एकच. वर्षाला १९०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, माती जुनी, लाल, आणि आंबट किती, तर सामू (pH) ४ च्या खाली. एका बाजूला चारशेहून जास्त वर्षं हात न लागलेलं सदाहरित जंगल, कॅस्टनॉप्सिस, स्किमा, क्रिप्टोकॅरिया वगैरे मोठी झाडं, आणि जवळच माणसांनी लावलेलं, वर्षानुवर्षं पाला-सरपण ओरबाडलेलं मॅसन पाइनचं जंगल. पूर्वेला पर्ल नदीचा सगळा कारखान्यांचा पट्टा, गाड्या, कोळसा, आणि शेतातला युरिया, डुकरं, कोंबड्या यांचा अमोनिया. तो वाऱ्याबरोबर येतो आणि पावसात उतरतो.

तिथे २००३ पासून प्रयोग चाललाय. १० बाय २० मीटरचे प्लॉट आखले आणि पाठीवरच्या पंपाने, आपण द्राक्षाला मारतो तसल्याच, दर महिन्याला अमोनियम नायट्रेटचं पाणी जमिनीलगत फवारलं. एकाला वर्षाला हेक्टरी ५० किलो नत्र, एकाला १००, एकाला १५०, आणि एकाला नुसतं पाणी. लक्षात घ्या, हे वरून आपोआप पडतं त्याच्या शिवाय.

आता दुसरा मुद्दा, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. नत्र हवेतून येतं, जीवाणू ते मातीत धरतात. स्फुरद मात्र मुळात खडकातून येतं, आणि लाखो वर्षं पावसात धुतलेल्या मातीत खडकाचं देणं जवळजवळ संपलेलं असतं. जे उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियमने घट्ट धरून ठेवलेलं. हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. जांभ्यावर सुपर फॉस्फेट टाका, माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर दिसेल पण उपलब्ध स्फुरद बघायला गेलं तर नावाला. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात आपल्या महाबळेश्वरच्या माथ्यावरचं जंगल पश्चिम घाटातलं सबट्रॉपिकल डोंगरी जंगल म्हणूनच धरलंय, आणि तेही जांभ्यावरच उभं आहे, जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी. म्हणजे मातीच्या बाबतीत डिंगहुशान आणि महाबळेश्वर अगदीच परके नाहीत, पाऊस मात्र आपल्याकडे खूपच जास्त आणि चार महिन्यांत कोंबलेला.

तर अशा मातीवर नत्र पडायला लागलं की झाडाची भूक भागत नाही, ती नत्रावरून स्फुरदावर सरकते. पानात नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण बघायची पद्धत आहे, १४ च्या खाली असलं तर नत्राची टंचाई आणि १६ च्या वर गेलं तर स्फुरदाची. हे आकडे १९९६ मध्ये युरोपातल्या पाणथळ जागांवरून निघालेत, ते जसेच्या तसे जंगलाला लावणं मला पटत नाही, पण अंदाजाला ठीक. दक्षिण चीनच्या या जुन्या जंगलात प्रमाण १६ च्या बऱ्यापैकी वर असतं, म्हणजे जादा नत्र टाकायच्या आधीपासूनच झाडं स्फुरदाला भुकेली.

मग झाड काय करतं? गप्प बसत नाही. मुळं आणि मातीतले जीव फॉस्फटेज नावाचं एन्झाइम सोडतात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात अडकलेलं स्फुरद ते कापून मोकळं करतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनाला नत्र लागतं. म्हणजे हवेतून आलेलं फुकटचं नत्र झाड स्फुरद शोधायच्या कामाला लावतं. नत्र टाकलेल्या प्लॉटमध्ये फॉस्फटेज वाढलेलं जगभर दिसलंय आणि स्फुरद टाकलं की ते कमी होतं. मला हा सगळा प्रकार भारी वाटतो, घरात अचानक जास्त पैसे आले आणि त्यातून पाणी मिळत नाही म्हणून बोअर मारली, तसं. दुसरी युक्ती काटकसरीची. पान गाळायच्या आधी झाड त्यातलं स्फुरद खेचून घेतं. हिरव्या पानाइतकंच खाली पडलेलं ताजं पान तपासा असं मी पोरांना सारखं सांगतो, पडलेल्या पानात स्फुरद ०.०५ टक्क्याच्याही खाली गेलेलं असलं तर समजा झाडाने ताटात शीतसुद्धा ठेवलेलं नाही.

पण माझ्या मते स्फुरदापेक्षा जास्त वाईट गोष्ट खाली मातीत चालते, आणि ती पानाच्या रिपोर्टात येतच नाही. अमोनियम मातीत आलं की जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल सुटतं. झाडाने ते नायट्रेट उचललं तर बरंचसं भागतं. उचललं नाही तर ते पाण्याबरोबर खाली निघून जातं, आणि नायट्रेट एकटं कधी जात नाही. त्याचा भार ऋण, जाताना बरोबर कुणीतरी धन भाराचं घेऊनच जाणार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश. कागदावर हिशोब करून बघा, हेक्टरी १४ किलो नत्र नायट्रेट होऊन निसटलं आणि बरोबर फक्त कॅल्शियम गेलं असं धरलं तर २० किलो कॅल्शियम गेलं, म्हणजे ५० किलो चुनखडी. दरवर्षी. शेतात तुम्ही चुना टाकाल, जंगलात कोण टाकणार? आणि जिथे कॅल्शियम आधीच संपत आलंय तिथे मग ॲल्युमिनियम सुटून येतं, आणि मोकळं ॲल्युमिनियम म्हणजे मुळाच्या टोकाला विष. मुळं आखूड, जाड, विटकरी होतात, बारीक मुळं कमी होतात, आणि स्फुरद शोधायचं तर काम बारीक मुळांचं आणि त्यांना चिकटलेल्या बुरशीचंच. म्हणजे भूक वाढली आणि हातही थिटे पडले.

तुमच्या मुलाच्या टेबलाकडे येतो. दहा वर्षं नत्र टाकलं, मातीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घटलं, आम्लता वाढली, तरी पानातले आकडे टिकून. हा निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आला, लू शियानकाई आणि सहकाऱ्यांचा, आणि तो टेबलापाशीच सोडून द्यायचा नाही, पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्यांनी पाण्याचाही हिशोब ठेवला होता. नत्राच्या प्लॉटमध्ये मुळांच्या खाली झिरपणारं पाणी कमी झालेलं आणि झाडांचं बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी, वाढलेलं. आता याचा अर्थ लावा. मातीच्या पाण्यात कॅल्शियम पातळ झालंय, तर पानाला तेवढंच कॅल्शियम पुरवायला झाड जास्त पाणी ओढतंय. पातळ ताकातून तेवढंच लोणी काढायचं तर जास्त ताक घुसळावं लागणार ना, तसं. लेखकांनी स्वतः हे गृहीतक म्हणूनच मांडलंय आणि पाणी जास्त ओढणं हे एक कारण, सगळं तेच नव्हे, असंही म्हटलंय. पण मला ते पटतं, कारण द्राक्षात मी वर्षानुवर्षं हेच उलट बाजूने पाहिलंय, ढगाळ दमट हवेत वेल पाणी ओढत नाही आणि जमिनीत कॅल्शियम असूनही घडात पोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्याच प्रवाहाबरोबर चढतं, त्याला दुसरी वाट नाही.

म्हणजे दादा, पानातले आकडे टिकलेत ते झाडाने किंमत मोजून टिकवलेत, आणि ती किंमत पाण्यात मोजलीय. १९०० मिलिमीटर पावसात ती परवडते. एखाद्या कोरड्या वर्षी काय होईल याचा विचार मुलाला सेमिनारमध्ये जरूर मांडू द्या, मास्तर खूश होतील.

आणि सगळीच झाडं किंमत मोजू शकतात असंही नाही. मोठ्या झाडाची मुळं खोल, साठा मोठा. खालची झुडपं, रोपं, नेचे यांना तो आधार नाही. पहिल्या पाच-सहा वर्षांतच हेक्टरी १५० किलोच्या प्लॉटमध्ये जमिनीलगतच्या थरातल्या जाती आणि रोपांची संख्या कमी झालेली दिसली. आजची रोपं म्हणजे उद्याचं जंगल, तेव्हा वरती हिरवंगार दिसतंय म्हणून निवांत व्हायचं कारण नाही. पाइनच्या जंगलाचं मात्र वेगळं, तिथे लोकांनी पाला नेऊन नेऊन नत्राचा साठा रिकामा केलेला, त्यामुळे ते अजून नत्र धरून ठेवू शकतं. शेजारशेजारची दोन जंगलं, वरून पडणारं नत्र तेच, आणि वागणूक वेगळी. म्हणून कुणी सरसकट "सबट्रॉपिकल जंगलात नत्राने असं होतं" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या जंगलात, किती जुन्या, आणि खाली खडक कुठला. ग्वेझो आणि ग्वांगशीत चुनखडीचे डोंगर आहेत, तिथल्या मातीत कॅल्शियम भरपूर, तिथे ही आम्लाची कहाणी अशी चालणारच नाही.

प्रयोगातली एक खोट पण सांगून ठेवतो. पाठीवरच्या पंपाने नत्र खाली जमिनीवर मारलं, खरं नत्र मात्र पावसातून आधी पानांच्या छतावर पडतं. छतावरची पानं, शेवाळ, दगडफूल काही नत्र तिथल्या तिथेच शोषून घेतात, आणि पावसाबरोबर पानातून उलटं पोटॅश धुऊन खाली येतं. त्यामुळे खाली फवारलेलं १०० किलो आणि वरून पडलेलं १०० किलो एकसारखं नाही. हे ओळखून २०१३ पासून ग्वांगदोंगमधल्याच शिमेनताईला आणि हेनानमधल्या जिगोंगशानला मनोरे उभारून छताच्याही वरून फवारणी सुरू केली, तीही हेक्टरी २५ आणि ५० अशा वास्तवाला धरून असलेल्या मात्रेत. पोराने दोन्ही प्रकारचे प्रयोग शेजारी ठेवून बघितले तर सेमिनारला वजन येईल.

मोजमापाचंही सांगतो, कारण यात मी स्वतः सपशेल आपटलोय. जंगलात किती काय पडतं ते मोजायला आपण बाटलीवर फनेल लावतो, एक उघड्यावर आणि काही झाडांखाली. एका मोसमात सह्याद्रीतल्या एका प्लॉटवरच्या पाच बाटल्यांपैकी एकीत स्फुरद बाकीच्यांच्या कितीतरी पट आलं. मी खूश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून दोन दिवस आकडेमोड करत बसलो. शेवटी बाटली उजेडात धरली तर तळाला पांढरट गाळ, फनेलच्या कडेला वाळलेली शीट. बुलबुल फनेलच्या काठावर बसत होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फनेलवर बारीक जाळी आणि काठाला वर तारेचं काटेरी कडं असतं, बाटलीला काळा कागद गुंडाळलेला, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि तेच नत्र खाऊन टाकतं. आणि पाणी पिवळसर किंवा गढूळ दिसलं तर तो नमुना फेकायचा, मोह करायचा नाही.

शीट सोडा, स्फुरद हवेतून खरंच येतं का? येतं, धुळीतून. हवाईतल्या सगळ्यात जुन्या बेटांवर खडकातलं स्फुरद संपलंय आणि तिथली जंगलं आशियातून हजारो किलोमीटर उडत आलेल्या धुळीवर स्फुरद मिळवतात, हे १९९९ मध्येच दाखवलं गेलं. सहारातून ॲमेझॉनवर वर्षाला साधारण २२ हजार टन स्फुरद पडतं असा उपग्रहावरून काढलेला अंदाज आहे. ऐकायला प्रचंड वाटतं, पण एवढ्या अफाट जंगलावर वाटलं की हेक्टरी काही ग्रॅमच हातात येतात. नत्र किलोत येतं आणि स्फुरद ग्रॅममध्ये, असमतोल म्हणतात तो हा. आणि धुळीचं आणखी एक अंग आहे, धुळीतला चुना पावसातलं आम्ल मारतो. आपल्याकडे अमोनिया काही कमी नाही, गंगेचं खोरं तर उपग्रहाच्या नकाशावर लालभडक दिसतं, तरी पाऊस फारसा आंबट होत नाही याचं मोठं श्रेय धुळीला. पण पावसाचं पाणी आंबट नाही म्हणून माती आंबट होणार नाही असं समजू नका, अमोनियमचं आम्ल मातीत पोचल्यावर तयार होतं, बाटलीतल्या पाण्याचा सामू मोजून ते कळत नाही.

चीनमध्ये २०१० च्या आसपास नत्र पडण्याची वाढ थांबली आणि २०१३ नंतर धुराड्यांवर बरीच सक्ती झाली, गाड्या-कारखान्यांचं नत्र आधी उतरायला लागलं, शेतीतला अमोनिया मागे राहिला. लोक विचारतात मग आता जंगल सुधारेल का. नायट्रेटची गळती त्यामानाने लवकर कमी होऊ शकते. गेलेलं कॅल्शियम मात्र खडक झिजूनच परत येणार, आणि तिथला खडक झिजून झिजून आधीच हात वर करून बसलाय.

मुलाला एवढं सांगा. टेबलातला पानाचा आकडा वजनाच्या टक्केवारीत आहे, त्याच्या शेजारी एकूण पानांचं वजन, गळलेल्या पानातलं स्फुरद आणि मुळांखालच्या पाण्यातलं कॅल्शियम-ॲल्युमिनियम असे तीन रकाने ठेवायचे. पान कुठल्या उंचीवरचं, उन्हातलं की सावलीतलं तेही बघायचं, द्राक्षात आपण फुलोऱ्यात घडासमोरच्याच पानाचा देठ घेतो ते उगाच नाही. आणि तो स्वतः नमुने घेणार असेल तर पानं त्याच दिवशी कागदी पिशवीत घालून ओव्हनला ७० अंशांवर लावायची. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस गाडीत राहिलेली पानं माझ्याकडे येतात, उघडली की आंबूस वास येतो, ती मी परत पाठवतो.